आक्षेपार्ह दृश्यांची यादी

मिलच्या बंद फाटकासमोर टाकलेल्या सतरंजीवर मंगळवारची बैठक भरली, तेव्हा अच्युतजींनी नेहमीप्रमाणे आधी विषयपत्रिका वाचली. विषय पहिला, मिल. यावर सांगण्यासारखं काही नव्हतं. भोपाळला पाठवलेल्या अर्जाचं उत्तर आलं नव्हतं आणि दिल्लीला पाठवलेल्या अर्जाला ‘भोपाळला विचारा’ असं उत्तर आलं होतं. पहिला विषय दीड मिनिटात संपला. विषय दुसरा, सिनेमा. यावर पाऊण तास चर्चा झाली.

मिल बंद होऊन दोन वर्षं चार महिने झाले होते. अच्युतजी मिलमध्ये टाइमकीपर होते. हजेरीपट गेला तरी हजेरी घ्यायची सवय सुटली नव्हती, म्हणून ते मिल बचाओ समितीचे सचिव झाले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“मनमोहिनी टॉकीजला एक पिच्चर लागलाय. ‘धागा मेरे प्यार का’. मिल मजदुरांवर आहे म्हणे. त्यात मजदूर लूमवर चढून नाचतात आणि शेवटी मालकाच्या पाया पडतात. आपण इथे फाटकावर बसलोय आणि पाचशे पावलांवर आपली ही टिंगल चाललीय. याचा निषेध झाला पाहिजे.”

“आग लावून टाका,” सूतखात्यातला संताजी म्हणाला. कुठल्याही विषयावर संताजीचा हाच प्रस्ताव असे.

“आग नाही, मोर्चा. पण आधी यादी पाहिजे. कोणकोणती दृश्यं आक्षेपार्ह आहेत, त्याची नंबरवार यादी. कोणीतरी जाऊन पिच्चर बघून या.”

दोन वर्षं चार महिने हाताला काम नसलेल्या चाळीस माणसांत एकालाही वेळ नव्हता. फाटकावर बसलं की माणूस लढतोय असं म्हणता येत होतं. भरदुपारी सिनेमाला जाऊन बसलं की तो नुसता बेकार ठरला असता. शेवटी सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत दगडूवर येऊन थांबल्या.

दगडू बोदडे साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, जॉबर होता. चोवीस लूम त्याच्या देखरेखीखाली चालत. एखादा लूम बिघडायच्या आधी त्याला कानानं कळत असे. आजोबा महूच्या छावणीत सुभेदार होते, त्यामुळे घरात सगळ्या गोष्टींना वेळ ठरलेली, आणि सिनेमाला ती कधीच नव्हती. मुलगी पंचशीला लहान असताना टीव्हीवर गाणी लागली की दगडू उठून बटण बंद करी आणि म्हणे, “फालतूगिरी.” गेल्या पंधरा वर्षांत त्यानं एकही सिनेमा पाहिला नव्हता.

“दगडू भिया, तूच जा,” अच्युतजी म्हणाले. “तू काही वाहवत जायचा नाहीस.”

दुसऱ्या दिवशी बाराच्या खेळाला दगडू वही-पेन घेऊन मनमोहिनीत शिरला. हॉलमध्ये अकरा माणसं होती आणि त्यातली चार झोपायला आली होती. घरोघरी केबल आल्यापासून मनमोहिनीची अशीच दशा होती. दिवे मालवले, पडद्यावर भोंगा वाजला आणि दगडूनं लगेच लिहिलं, ‘आक्षेप एक. भोंगा बासरीत वाजतो.’

मग त्याला पान उलटायलाही फुरसत मिळेना. नायिका लांबलचक पदर मोकळा सोडून लूमवर उभी होती. असा पदर खऱ्या खात्यात पट्ट्यात गेला असता तर दुसरं रीळ सुरू व्हायच्या आत नायिका आटोपली असती. धोट्यात सूतच नव्हतं. सूत नसलेल्या धोट्यानं विणलेलं कापड लूममधून बाहेर पडत होतं तेही छापील, गुलाबाच्या फुलांचं. नायक पंचेचाळिशीचा होता, सिनेमात बावीसचा होता, आणि मालकाचा मुलगा असून मजदुराचा वेष घेऊन जॉबर झाला होता. तो पान्हा उलटा धरत होता. उलट्या पान्ह्यानं त्यानं एक लूम दुरुस्त केला, आणि तो दुरुस्त झाल्याच्या आनंदात साळखात्यातले दोनशे मजदूर लूमवर चढून गायला लागले :

‘खटर-खटर बोले मशीनवा रे, धडक-धडक बोले मनवा...’

मध्यंतरापर्यंत सतरा आक्षेप झाले. दगडूला रागानं घाम फुटला होता.

मध्यंतरानंतर पडद्यावरची मिल बंद पडली. मजदूर फाटकासमोर बसले. नायिकेनं पावसात, पुरात आणि एकदा स्वप्नात काश्मीरमध्ये अशी तीन गाणी म्हटली. तिसऱ्या गाण्यानंतर मालकाला पश्चात्ताप झाला, त्यानं गळ्यात बांधलेली किल्ली काढून दिली, फाटक उघडलं, आणि सगळे गात गात आत धावले. दोनशे लूम एकदम सुरू झाले.

इथे सिनेमावाल्यांकडून एक चूक झाली होती. आवाज खरा होता. कुठल्या तरी चालत्या मिलमध्ये जाऊन त्यांनी तो भरून आणला असावा. दगडूनं डोळे मिटले. उजव्या अंगाच्या कोपऱ्यातल्या एका लूमचा पट्टा ढिला होता, तेसुद्धा त्याला कळलं. त्याचा हात आपोआप पान्ह्यासाठी खिशाकडे गेला. पडद्यावर ‘समाप्त’ आलं, दिवे लागले, तरी तो बसून होता. वहीवर अठरावा आकडा घालून पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

“यादी झाली का?” संध्याकाळी अच्युतजींनी विचारलं.

“अर्धी झाली. काही डायलॉग नीट ऐकू नाही आले. परत जावं लागेल.”

“जा बाबा. काम पक्कं पाहिजे.”

दगडू परत गेला. काम पक्कं पाहिजे म्हणून तिसऱ्यांदा गेला. चौथ्यांदा गेला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की, नायकानं पान्हा हातात घेतला की आपण खुर्चीच्या कडेला सरकून बसतोय, तो आता उलटा धरणार म्हणून. त्यानं तो उलटा धरला की दगडूला इतकं समाधान होई, की चोवीस लूम सुरळीत चाललेत असं वाटे. नायिकेचा पदर उडाला की तो मनात म्हणे, अगं बाई, सांभाळ. गुलाबाचं कापड निघालं की पोट धरून हसे. पुराच्या गाण्यात मागचा पडदा हलतो, हे त्यानं सहाव्या खेपेला शोधून काढलं आणि दिवसभर खुशीत राहिला. पिच्चर बकवास होता. यात दगडूला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून तर तो कोणाला सांगू शकत नव्हता.

सातव्या दिवशी बायकांच्या दारावर बॅटरी घेऊन उभ्या राहणाऱ्या मंगलाबाईनं त्याला हटकलं.

“भाऊ, तुम्ही रोजच येता का?”

“मी समितीच्या कामाने येतो,” दगडू ताठपणे म्हणाला.

“असं होय? मग काल दुसऱ्या गाण्याला शिट्टी मारली, ती पण समितीच्याच कामाने?”

दगडूचा चेहरा उतरला. मंगलाबाई हसली नाही. नवरा गेल्यावर बारा वर्षं ती या दारावर होती, आणि अंधारात माणसं काय काय करतात हे पाहून तिचं हसू संपलं होतं. ती फक्त म्हणाली, “समितीत लोखंडकाम येणारं कोणी आहे का? पाचव्या लाइनीतल्या खुर्च्या निखळल्यात. मॅनेजर नानांना सांगून सांगून थकले.”

दुसऱ्या दिवशी दगडूनं घरून पान्हा आणि पकड आणली. पाचवी रांग झाली, मग सहावी. मंगलाबाई त्याला बाजूच्या दारानं आत घेई. खेळ सुरू व्हायच्या आधी तो दोन-तीन खुर्च्या ठोकून काढी, मग त्यातल्याच एकीवर बसून सिनेमा बघे. दोन वर्षांनी त्याच्या नखांत वंगण गेलं होतं. घरी आल्यावर तो ते साबणानं घासून काढी, पण पूर्ण निघू देत नसे.

त्याच्या बायकोला, गयाबाईला, यातलं काही माहीत नव्हतं. मिल बंद झाल्यावर ती सांवेर रोडच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायला लागली होती. सकाळी आठचा टेम्पो, संध्याकाळी सातचा टेम्पो. दगडूनं तिला सांगितलं होतं की तो दिवसभर समितीत असतो. तिसऱ्या खेपेनंतर समितीला सांगितलं होतं की दुपारी तो कामाच्या शोधात सांवेर रोडला जातो. अशा रीतीनं त्याच्या दुपारी कोणाच्याच हिशेबात नव्हत्या.

“काय गुणगुणताय?” एके दिवशी भाकरी थापता थापता गयाबाईनं विचारलं.

“घोषणा पाठ करतोय.”

“घोषणेत ‘मनवा’ असतं का?”

“हिंदी घोषणा आहे. भोपाळसाठी.”

गयाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. पण त्याच आठवड्यात शेजारच्या शांतानं तिला टेम्पोत गाठलं आणि आवाज खाली करून सांगितलं, “गयाबाई, राग नको मानू. तुझे मिस्टर रोज दुपारी मनमोहिनीच्या साइडच्या दारानं आत जातात. ती बॅटरीवाली बाई आहे ना, मंगला, ती दार उघडून देते. माझ्या भावानं सोताच्या डोळ्यानं पाहिलं. रोज.”

दुसऱ्या सकाळी डबा देताना गयाबाई म्हणाली, “आज कुठे?”

“समितीत,” दगडू म्हणाला, आणि तिच्या नजरेला नजर न देता निघून गेला.

इकडे यादी सव्वीस आक्षेपांवर पोचली होती. एवढी बारीक यादी समितीच्या इतिहासात कोणी केली नव्हती. अच्युतजींनी ती वाचली आणि भारावून गेले. “‘पुराच्या दृश्यात मागील पडदा डावीकडे हलतो.’ वा! काय नजर आहे! दगडू भिया, मोर्च्यापुढे भाषण तूच करायचं. गुरुवारी दुपारी बारा.”

“माझं काय काम भाषणाचं? मी यादी दिली ना.”

“तूच. प्रस्ताव पास झालाय.”

मनमोहिनीचे मॅनेजर नाना यांनाही मोर्च्याची कुणकुण लागली होती. नाना साठीचे होते. रिकाम्या हॉलकडे बघून बघून त्यांची रात्रीची झोप गेली होती. सिनेमा मजदूरविरोधी आहे असं बोलणं सुरू झालं तर येणारी अकरा माणसंसुद्धा यायची नाहीत. त्यांनी मंगलाबाईला विचारलं, “तो खुर्च्या ठोकणारा मिलवाला किती वेळा आला?”

“आज धरून एकोणीस,” मंगलाबाई म्हणाली. तिला वाटलं, त्याला काही मेहनताना देणार असतील.

नानांनी पेंटर बोलावला.

गुरुवारी मोर्चा निघाला. दीडशे माणसं जमली. कित्येक महिन्यांत कुठल्याच मागणीसाठी एवढी जमली नव्हती. दगडू सर्वांत पुढे, हातात यादी. टॉकीज शंभर पावलांवर आली, आणि त्याला दर्शनी भिंतीवरची ताजी, पिवळीजर्द पाटी दिसली :

‘असली मिल मजदूर श्री दगडूजी बोदडे ने उन्नीस बार देखी! आप भी देखिए!’

दगडू अच्युतजींकडे वळला.

“अच्युतजी, मोर्चा पाटनीपुऱ्याकडून फिरवू या का?”

“का? टॉकीज तर इकडे आहे.”

“म्हणजे जास्त लोकांना दिसेल...”

“पुढे चल, भिया.”

संकटात दगडूचं डोकं नेहमी चाले. एकदा पेटलेली मोटर त्यानं ओल्या पोत्यानं विझवली होती. तो धावत पुढे गेला आणि ओरडला, “बॅनर इकडे आणा! बॅनर या भिंतीवर बांधायचं! मालकाच्या छातीवर!” दोन पोरं बॅनर घेऊन पळत आली. दगडूनं स्वतः खिळ्यांना दोरी अडकवली. ‘मिल बचाओ समिती’ ही अक्षरं पिवळ्या पाटीवर पसरली आणि कोणी वाचायच्या आत पाटी झाकली गेली. दगडूनं कपाळावरचा घाम पुसला. आता दहा मिनिटांचं भाषण आणि सुटका.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत गयाबाई आली. तिच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी असते, हे दगडू भाषणाच्या काळजीत साफ विसरला होता. मागे शांता होती.

“कुठे आहे ती बॅटरीवाली?” गयाबाईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

मंगलाबाई दारातच उभी होती. “मी आहे. काय झालं?”

“रोज माझ्या नवऱ्याला साइडच्या दारानं आत घेतेस आणि विचारतेस काय झालं?”

मोर्चा शांत झाला. इतकी शांतता पहिल्या विषयाच्या वेळीसुद्धा होत नसे.

“गया, इथे नको,” दगडू कुजबुजला. “मी पिच्चर बघत होतो गं.”

“काय?”

“पिच्चर. हाच.”

“झूठ!” गयाबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि त्यामुळे आवाज आणखी चढला होता. “पंचशीला हा पिच्चर अर्ध्यात सोडून घरी आली. म्हणाली, आई, इतका भंगार पिच्चर मी जिंदगीत नाही पाहिला. आणि तुम्ही, पोरीच्या गाण्याचं बटण बंद करणारे, तुम्ही रोज जाऊन बघितला? मला एवढी येडी समजता? चला, सांगा काय आहे त्यात. सांगा!”

दगडूनं एका बाजूला बघितलं, तिथे समिती होती. दुसऱ्या बाजूला गयाबाई होती. सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला भर रस्त्यात कधी काही विचारलं नव्हतं. मिल बंद झाली त्या दिवशीसुद्धा तिनं काही न बोलता दुसऱ्या दिवसापासून डबा एकाऐवजी दोन भरले होते.

“आधी भोंगा वाजतो,” तो हळूच म्हणाला. “बासरीत.”

“जोरात बोला!”

“भोंगा बासरीत वाजतो! मग ती येते. पदर असा...” दगडूनं खांद्यावरचा गमछा काढून हवेत उडवला. मागे कोणीतरी हसलं. “लूमवर हात ठेवते आणि म्हणते, ‘बाबूजी, मशीन के सीने में भी दिल होता है!’ मग तो पान्हा काढतो. उलटा! आणि म्हणतो, ‘इस दिल की मरम्मत मैं करूंगा, मैना!’”

हशा उसळला. दगडू गयाबाईकडे बघत होता. तिच्या चेहऱ्यावर अजून विश्वास नव्हता. म्हणून तो गायला लागला. पहिलं गाणं गायला, दुसरं गायला, शिट्टी जिथे मारायची तिथे मारली. पुराच्या गाण्यात डावीकडे हलणारा पडदासुद्धा त्यानं गमछ्यानं करून दाखवला. अठ्ठेचाळीस वर्षांचा, केस पिकलेला जॉबर टॉकीजच्या पायऱ्यांवर कंबर हलवत होता आणि दीडशे माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती.

“पथनाट्य!” अच्युतजी डोळे पुसत ओरडले. “अरे, याला म्हणतात निषेध! याच्यापुढे काय भाषण करायचं!”

“मग किल्ली देतो,” दगडू म्हणाला. त्याला धाप लागली होती. “मालक किल्ली देतो. फाटक उघडतं. सगळे आत पळतात. आणि मग...”

इथे गाणं नव्हतं. दगडूनं तोंडानं लूम चालू केला. आधी एक, मग त्यावर दुसरा, मग जिभेनं धोट्याची टकटक, मध्येच तो ढिला पट्टा. हसणं हळूहळू थांबलं. दीडशे माणसं मान खाली घालून ऐकू लागली. संताजीचं तोंड उघडं राहिलं. दगडूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी तो थांबेना.

गयाबाईनं ते पाणी बघितलं. तिला सगळं कळलं.

“बस झालं,” ती हळूच म्हणाली. “चला घरी.”

पण तेवढ्यात घाईत अडकवलेली दोरी सुटली, बॅनर घरंगळत खाली आलं आणि पिवळी पाटी सगळ्यांसमोर उघडी पडली. अच्युतजींनी ती मोठ्यानं वाचली. दगडूनं डोळे मिटून घेतले. आता जे व्हायचं ते होऊ दे.

“आमच्या माणसाच्या नावावर एवढं झूठ!” संताजीनं आरोळी ठोकली. “ज्यानं आत्ता या पिच्चरची अशी धुलाई केली, तो एकोणीस वेळा बघेल?”

“खरं आहे ते,” दगडू म्हणाला.

“नाव वापरलं आमचं!”

“अरे, खरंच आहे. मी बघितला. मला आवडतो तो!”

कोणी ऐकलं नाही. ज्यांना मिलच्या मालकावर, भोपाळवर आणि दिल्लीवर दोन वर्षं चार महिने दगड मारता आला नव्हता, त्यांच्या हाताच्या अंतरावर एक काच होती. पहिला दगड पोस्टरच्या काचेवर बसला, दुसरा तिकिटाच्या खिडकीवर. मंगलाबाईनं आत झोपलेल्या चौघांना उठवून मागच्या दारानं बाहेर काढलं. नानांनी शटर ओढलं. दोन शिपाई आले तोवर सगळं संपलं होतं. कोणाला लागलं नव्हतं.

शुक्रवारी सिनेमा उतरला. त्या जागी दुसरा लागला नाही. टॉकीजचा मालक मुंबईला राहत असे आणि पाच वर्षांपासून त्या जागेवर दुकानांचं कॉम्प्लेक्स काढायच्या विचारात होता. त्याला फक्त निमित्त हवं होतं. ‘मजदुरांच्या हिंसक आंदोलनामुळे व्यवसाय करणे अशक्य’ अशी नोटीस शटरवर लागली, आणि नानांसकट आठ माणसं रस्त्यावर आली.

समितीनं मंगळवारच्या बैठकीत दगडूला हार घातला. अच्युतजींनी वृत्तान्तात लिहिलं, ‘आंदोलनास प्रथम यश.’ इतक्या दिवसांनी त्यांना हा शब्द लिहायला मिळाला होता. समितीला मिल उघडता आली नव्हती, पण एक टॉकीज तिनं बंद पाडून दाखवली होती. दगडू हार गळ्यात घेऊन बसून राहिला. झेंडूची पाकळी वहीवर पडली तीही त्यानं झटकली नाही.

पुढच्या सोमवारी दुपारी मंगलाबाई सतरंजीपाशी आली. बॅटरीशिवाय तिला पहिल्यांदाच पाहिल्यामुळे दगडूनं आधी ओळखलंच नाही.

“भाऊ, जरा येता का? आम्हाला पण बसायचंय.”

“कुठे?”

“टॉकीजसमोर. धरण्यावर. नाना म्हणाले, बसायचं. पण कसं बसतात ते आमच्यापैकी कोणाला माहीत नाही. तुम्हाला सवय आहे.”

दगडू उठला, समितीच्या सामानातून चार बांबू आणि दोरी काढली, आणि तिच्यामागे गेला.

टॉकीजसमोर आठ माणसं लग्नघरी चुकून आल्यासारखी उभी होती. दगडूनं मांडव उत्तरेच्या भिंतीला लावला. “दोननंतर इकडेच सावली येते,” तो म्हणाला. “पाण्याचा माठ मागे ठेवा, पुढे ठेवला तर रस्त्यावरचे पिऊन जातात. पहिले आठ दिवस पेपरवाले येतील, तेवढ्यात फोटो काढून घ्या. मग कोणी येत नाही. अर्ज टाइप करून पाठवा. उत्तर येत नाही, पण पोस्टाची पावती जपून ठेवा.”

नाना मान डोलावत सगळं एका कागदावर लिहून घेत होते.

“आता पाटी,” दगडू म्हणाला. “पाटीशिवाय धरणं दिसत नाही. कोणाविरुद्ध बसलात ते लिहावं लागतं. मालकाचं नाव सांगा.”

नानांनी घसा साफ केला.

“त्याचं असं आहे बोदडेजी, मालक म्हणाले, माझं नाव आलं नाही तर कॉम्प्लेक्समध्ये दोघा-तिघांना वॉचमन म्हणून बघू. आणि नोटिशीत त्यांनी लिहिलंच आहे की बंद कोणामुळे झालं.” ते जमिनीकडे बघू लागले. “तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं... समितीविरुद्ध बसायचं. मालक मुंबईला, त्यांना काय दिसणार? तुम्ही लोक निदान समोर असता.”

दगडूनं शटरवरची नोटीस वाचून काढली. मग म्हणाला, “बरोबर आहे. नुसतं समिती लिहून पेपरवाला छापत नाही. माणसाचं नाव लागतं.”

“आम्ही ते लिहिणार नव्हतो, भाऊ,” मंगलाबाई पटकन म्हणाली. “मी नको म्हणाले होते.”

“लागतं,” दगडू म्हणाला. “ब्रश कुठे आहे?”

पेंटर करणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं आणि आठांपैकी कोणाचंच अक्षर धड नव्हतं. दगडूनं उकिडवं बसून आधी खडूनं दोन सरळ रेषा मारल्या. मग लाल रंगात सावकाश लिहिलं, ‘मजदूरों का रोजगार छीननेवाला दगडू बोदडे मुर्दाबाद’. ‘मुर्दाबाद’ला जागा कमी पडेल असं वाटत होतं, पण त्यानं अक्षरं अशी बसवली की एकही दाटलं नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला सायकल न थांबवता वाचता येईल, याची त्यानं लांब जाऊन खात्री करून घेतली.

ऊन होतं, वारा होता. रंग वाळेपर्यंत पाटी कोणीतरी उभी धरणं भाग होतं, नाहीतर तो ओघळला असता. आठही माणसं नवीन होती. चार मिनिटांत त्यांचे हात भरून येत आणि पाटी वाकडी होई.

“आणा इकडे,” दगडू म्हणाला, आणि ती छातीशी धरून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.